श्रावणात लावलेल्या पोथ्या

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या गणेशोत्सवात सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिला आहे.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला वेळेचा हिशेब सांगावा लागत नाही. घड्याळ समोर ठेवूनच बोलतो.

विषय दिलाय ‘माझं वाचन’. तर हे वाचन माझं म्हणायचं की सौभाग्यवतींचं, इथूनच वाद आहे. आमच्या घरात वाचणारी ती. मी वाचायचो ती हेड ऑफिसची परिपत्रकं, इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि सकाळचा पेपर. घरातल्या कपाटात दीडशेच्या आसपास पुस्तकं आहेत, त्यातली बहुतेक तिने घेतलेली. बदलीच्या प्रत्येक गावी ट्रकमध्ये ती पुस्तकांची खोकी आधी चढायची आणि मग पिठाचे डबे.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे, गेल्या वर्षापासून तिच्या डोळ्यांचा त्रास सुरू झाला. मोतीबिंदू नव्हे, ते ऑपरेशन आधीच झालं होतं. हा पडद्याचा विकार, मॅक्युलाचा. कडेकडेचं दिसतं, मधलं पुसट होतं. म्हणजे ती घरात बिनधास्त हिंडते, लिफ्टचं दार सापडतं, तांदूळ हाताने निवडते. पण पुस्तकाच्या ओळीवर नजर ठेवली की नेमकं जे अक्षर बघायचं तेच नाहीसं होतं. डोळ्यात इंजेक्शनं घेऊन झाली. आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, गेलेलं परत येईल असं सांगत नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. मला त्यांचा हा स्वभाव आवडला.

मोबाईलवर पुस्तकं ऐकायची सोय आहे, हे नातवाने दाखवलं. आठवडाभर ऐकली. ती म्हणाली, आवाज छान आहे, पण मध्येच “म्हणजे काय हो?” असं विचारलं तर तो थांबत नाही. मग आषाढाच्या अखेरीस, दिव्याच्या अवसेला, तिनेच काढलं, “आमच्या आजोळी श्रावणात पोथी लावायचे. तुम्हीही लावा. फक्त पोथ्या मी सांगेन त्या.”

तर श्रावण शुद्ध प्रतिपदेपासून पिठोरी अमावास्येपर्यंत आमच्या घरी पोथ्या लागल्या. सकाळी चहानंतर एक तास, संध्याकाळी पाच ते साडेसहा. दिवसाला चाळीस ते पन्नास पानं. नियम तिचे: गाळायचं नाही, घाई करायची नाही, आणि वाचताना आपली मतं मध्ये घालायची नाहीत. तिसरा नियम पाळणं सर्वांत जड गेलं. ती राहून गेलेली मतं आज तुमच्यावर काढतो आहे.

पहिली पोथी ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांची. पहिला भाग छापला गेला १९३४ साली. आपल्यातल्या साठीच्या पुढच्या सगळ्यांना शाळेत याचा एखादा धडा होता आणि त्यामुळे ‘हे आपण वाचलंय’ असा समज असतो. धडा वाचला असतो, पुस्तक नाही. 

काय बाई आहे! नाशिकजवळचं माहेर, वडिलांचं सोवळ्याचं वेड, लहानपणी लग्न. नवरा कवी. नारायण वामन टिळक, म्हणजे आपले ‘फुलांमुलांचे कवी’. आज इथे, उद्या तिथे, खिशात पैसे आले की दुपारपर्यंत कोणाला तरी देऊन मोकळे. न सांगता घरातून निघून जायचे. आणि १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बायको आणि लहान मूल इकडे, नवरा तिकडे. त्या काळात याचा अर्थ काय होता याची कल्पना करा. काही वर्षं ती वेगळी राहिली, मग स्वतःच्या पायांनी नवऱ्याकडे गेली, तिथेही आधी आपलं सोवळं-ओवळं सांभाळून राहिली, आणि मग १९०० साली, तिची तिला खात्री पटल्यावर, तिने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने सांगितलं म्हणून नव्हे. शिवाशिव तिच्या मनातून कशी गेली हे तिने लिहिलंय ते कुठल्याही समाजसुधारकाच्या भाषणापेक्षा मला मोठं वाटलं, कारण त्यात भाषण नाही.

आणि हे सगळं हसत हसत. रडण्यासारखं काय कमी घडलंय? पण बाई स्वतःची कीव करत नाही, दुसऱ्याला करू देत नाही. वाचता वाचता मला हसू आवरेना आणि ती मला म्हणे, “आधी वाचा, मग हसा, मला कळू तरी द्या!”

चौथ्या दिवशी मी तिसरा नियम मोडला. म्हटलं, “टिळकांना मी पाच रुपयांचं कर्ज मंजूर केलं नसतं. लक्ष्मीबाईंना मात्र जामीनदाराशिवाय दिलं असतं.” ती म्हणाली, “त्यांनी मागितलंच नसतं.”

या बाईंना लिहा-वाचायला नवऱ्याने शिकवलं, लग्नानंतर. आणि टिळकांनी अर्धवट ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनी पुरं केलं. ते शिकवणीचं प्रकरण वाचलं त्या संध्याकाळी आमची सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्यांना अक्षरं आली, माझी गेली.” मी पान दुमडलं आणि चहा ठेवायला उठलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, “काल कुठवर आलो होतो?”

दुसरी पोथी, ‘माझा प्रवास’, विष्णुभट गोडसे यांची. पेणजवळ वरसई म्हणून गाव आहे, तिथले हे भटजी. घर कर्जात. कोणीतरी बातमी आणली की बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा उत्तम मिळणार. म्हणून काकांना बरोबर घेऊन हे गृहस्थ उत्तरेला निघाले. साल कुठलं? १८५७! म्हणजे माणूस दक्षिणा मिळवायला गेला आणि सापडला बंडात. महूच्या आसपास शिपायांकडूनच त्यांना कळलं की पुढे काय होणार आहे. शहाणा माणूस मागे फिरला असता. पण मागे फिरून काय करणार? कर्ज घरीच होतं.

झाशीत हे वेढ्याच्या वेळी आत होते, १८५८ च्या मार्च-एप्रिलात. राणीला त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आपण तिला कायम घोड्यावर, पाठीला मूल बांधलेली पाहतो, इथे ती दिवसाचे व्यवहार करणारी, कचेरी चालवणारी बाई दिसते. आणि शहर पडल्यावरची लूट! ती एकदम होत नाही, टप्प्याटप्प्याने होते. आधी सोनंनाणं, मग भांडीकुंडी, मग कपडालत्ता, धान्य. मी आयुष्यभर तारण मालाच्या याद्या केल्या. अशी यादी वाचायची वेळ आली नव्हती. तिथल्या ग्रंथालयाची नासाडी झाली त्याबद्दल भटजी जेवढ्या दुःखाने लिहितात तेवढं स्वतःच्या लुटल्या गेलेल्या पैशाबद्दल लिहीत नाहीत. पैसे हातचे कितीदा गेले, याचा हिशेब मी कागदावर मांडायला घेतला होता, नंतर सोडून दिला.

शेवटी माणूस घरी आला तो काय घेऊन? गंगेची कावड. खांद्यावरून एवढ्या लांब चालत आणली आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातलं. बँकेच्या भाषेत हा प्रवास शंभर टक्के बुडीत. सौ.चं म्हणणं वेगळं होतं, ते मी सांगत नाही, आपापल्या घरी विचारून बघा.

एक सूचना करतो. हे पुस्तक लिहिलं गेलं १८८३ च्या सुमारास, छापलं १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी, आणि छापताना त्यांनी त्यावर बराच हात फिरवला. राज्य इंग्रजांचं होतं. मूळ हस्तलिखितावरून खरं पुस्तक दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली आणलं. घ्यायचं झालं तर कुठली आवृत्ती आहे ते बघून घ्या. आणि मुलांना आधी हे द्या, राणीवरचे सिनेमे नंतर.

आता थोडं झरझर. मधल्या शनिवारी-रविवारी नातू आला होता. त्याच्यासाठी म्हणून बाबूराव अर्नाळकरांची एक रहस्यकथा वाचली, झुंजारची. जुन्या बाजारातून आणलेली, पानं पिवळी, दोन सुटी झालेली. नातवाने अर्ध्यातच गुन्हेगार सांगितला. तो बरोबर निघाला. तरीही त्याने शेवटपर्यंत ऐकलं, आणि जाताना “काळापहाड पण आहे का?” म्हणून विचारून गेला. अर्नाळकरांना नाकं मुरडणाऱ्यांनी आपण वाचायला कशावर शिकलो ते आठवून बघावं. माझं एवढंच म्हणणं.

‘रणांगण’, विश्राम बेडेकरांची, १९३९ सालची. एका बोटीवरची गोष्ट. युरोपातून हिटलरच्या भीतीने निघालेले ज्यू, आणि परत मायदेशी येणारा आपला मराठी तरुण. पुस्तक लहान, तीन दिवसांत संपलं. हे मोठ्याने वाचायचं पुस्तक नव्हे असं माझं मत झालं. एकट्याने, रात्री वाचायचं. ज्या वर्षी महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी मराठीत हे छापलं गेलं, याचंच नवल वाटत राहतं. शेवट सांगत नाही.

‘कोसला’वर आमचं भांडण झालं. भालचंद्र नेमाडे, १९६३. लेखकाचं वय पंचवीस. मला विचाराल तर पांडुरंग सांगवीकराला एक साधी कारकुनी लावून दिली असती तर अर्धं पुस्तक वाचलं असतं, म्हणजे वाचवलं असतं. शिवाय ते ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’. चार दिवस मोठ्याने वाचल्यावर माझ्या तोंडी बसले. वॉचमनला म्हटलं, “पाणी वगैरे आलं का?” सौ. म्हणते, तुम्हाला कळलं नाही. वयाच्या विसाव्या वर्षी तुम्ही नोकरीच्या परीक्षेचे फॉर्म भरत होतात, तुम्हाला कंटाळायला वेळच मिळाला नाही. असेल. मात्र धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं आली तेव्हा माझा आवाज मला साथ देईना. ती पानं मी दोन बैठकांत वाचली. एवढ्यावरून पुस्तक मोठं आहे असं ती म्हणते, आणि ती पानं मोठी आहेत असं मी म्हणतो. वाद मिटलेला नाही. तरुण मंडळींनी वाचून निकाल द्यावा.

‘बलुतं’ घेतलं तेव्हा मी जरा घुटमळलो होतो. दया पवारांचं, १९७८ सालचं. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, अशी मांडणी आहे, दोघेही एकच. एक शिकलेला, पांढरपेशा झालेला, आणि दुसरा त्याच्या आतला. गावाकडचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना. कागद-चिंध्या गोळा करून संसार ओढणाऱ्या बायका. त्यात भाषा जशी बोलली जाते तशी आहे. मोठ्याने वाचताना, खिडकी उघडी, समोरच्या गॅलरीत वहिनी उभ्या. मी एक शब्द पुटपुटून पुढे गेलो. लगेच हिने अडवलं, “अहो, नियम! त्यांनी सोसलं आणि लिहिलं, आपल्याला नुसतं ऐकायचंय.” खिडकी बंद न करता पुढचं वाचलं.

या सभागृहात बसलेल्या पुष्कळांचा प्रामाणिक समज आहे की जात आता राहिली नाही. आपल्या सोसायटीत सगळ्या जातींचे लोक आहेत, एकत्र जेवतो, एकत्र गणपती बसवतो, हे खरंच आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण जी राहिली नाही ती काय चीज होती, हे आपल्या मुलांना कोण सांगणार? गावाचं काम करायचं आणि बदल्यात वर्षाकाठी मिळेल ते धान्य, भाकर-तुकडा घ्यायचा, आणि तोही हक्क म्हणून मागताना वाकायचं. याला आम्ही भूगोल-इतिहासात ‘बलुतेदारी’ असा छान शब्द शिकलो. परीक्षेत दोन मार्कांना येत असे.

आता माझं लाडकं. ‘बनगरवाडी’, व्यंकटेश माडगूळकर, १९५५. अमोल पालेकरांनी त्यावर सिनेमाही केला होता, पण पुस्तक ते पुस्तक. औंध संस्थानातली तीस-पस्तीस घरांची धनगरवाडी, आणि तिथे पहिल्या नेमणुकीवर आलेला पोरसवदा मास्तर. शाळा आहे, मुलं नाहीत; मुलं मेंढरांमागे. मास्तर हळूहळू सगळ्यांचं सगळं करू लागतो. पत्रं लिहितो, तंटे सोडवतो, तालीम बांधायचं मनावर घेतो. वाडीने घामाने बांधलेली तालीम बघायला प्रत्यक्ष राजा येतो. आणि मग पाऊस येत नाही. वाडी उठते. शेवटच्या पानांत माणसं जातात ती कशी जातात, ते वाचा. एकही मोठा शब्द नाही.

हे मी वाचत नव्हतो, आठवत होतो. १९८० नंतर, एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम सगळ्या तालुक्यांत लागू झाला तेव्हा, माझी नेमणूक माणदेशातल्या एका शाखेत होती. आम्ही मेंढ्यांसाठी कर्ज देत असू. प्रत्येक मेंढीच्या कानात विम्याचा बिल्ला. मेंढी मेली तर तो बिल्ला आणून दाखवायचा, नाहीतर क्लेम नाही. लांडग्याने नेलेल्या मेंढीचा बिल्ला लांडग्याकडून कसा आणायचा, असं एका म्हाताऱ्याने मला विचारलं होतं. त्याचं उत्तर परिपत्रकात नव्हतं. आणखी एक गंमत: आमची वसुली मार्चअखेर; आणि धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला, परत येणार पावसाच्या तोंडावर. कागदावर सगळी वाडी थकबाकीदार. जूनमध्ये तीच माणसं धोतराच्या सोग्यात बांधलेल्या नोटा घेऊन काउंटरला हजर. माडगूळकरांची कादंबरी बँकेच्या ट्रेनिंग कॉलेजात लावायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

दुपारी ती झोपली की मी माझ्यापुरतं एक इंग्रजी पुस्तक वाचत असे. ‘बँकर टू द पुअर’, मुहम्मद युनूस यांचं. १९७६ साली चितगावजवळच्या जोब्रा गावात त्यांनी बेचाळीस माणसांना मिळून सत्तावीस डॉलर स्वतःच्या खिशातून दिले आणि त्यातून पुढे ग्रामीण बँक उभी राहिली. २००६ चं नोबेल शांतता पारितोषिक. माणूस थोर, शंका नाही. गरीब बाई कर्ज बुडवत नाही हे त्यांनी जगाला सांगितलं. आमच्याकडच्या कुठल्याही खेड्यातल्या कॅशियरला हे माहीत होतं, पण त्याला विचारलं कोणी नाही. एक गोष्ट मात्र खटकली. गटातल्या बायका एकमेकींच्या हप्त्यावर लक्ष ठेवतात, त्याचं ते कौतुक करतात. वसुली त्याने होते, खरं आहे. पण शेजारणीच्या डोळ्यांसमोर हप्ता चुकणं म्हणजे काय, हे पुस्तकात फारसं येत नाही. माणदेशातला म्हातारा निदान माझ्याशीच भांडायचा, त्याच्या भावकीसमोर त्याला मान खाली घालावी लागत नव्हती.

तर अशा या पोथ्या. पिठोरीला सांगता झाली, पुरणपोळी झाली. महिन्याभरात माझा घसा दोनदा बसला, ज्येष्ठमधाच्या कांड्या संपल्या, आणि कुकरच्या शिट्ट्या, कुरिअरवाले, लिफ्टचं ‘कृपया दरवाजा बंद करा’ या सगळ्यांवर आवाज चढवायची सवय झाली.

वेळ संपत आली, एक कामाचं सांगतो. आपल्या सोसायटीत डोळ्यांनी अडलेली आमची ही एकटी नाही. माझ्या माहितीत आणखी तिघं आहेत. एका आजींना मधुमेहामुळे दिसत नाही, त्यांना अजून कोणी वाचून दाखवलेलं नाही. गणपती गेले की दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे बैठक सुरू करतो आहोत. ऐकणाऱ्यांनी यावं. पण मला त्याहून जास्त वाचणारे हवेत. दहावी-बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून अर्धा तास काढता आला तर फार बरं. जोडाक्षरं अडली तर आजी सांगतील, त्यांना पाठ आहेत. पहिलं पुस्तक दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’. निवड सौ.ची, माझं मत विचारलेलं नाही. चहा आमच्याकडे. चष्मा ज्याचा त्याने आणावा.